बावखलातल्या कासवाला दुजोरा

नंदाखाल,
मंगळवार, २२ एप्रिल

तीर्थरूप फेबियनदादास,
सेबेस्टियनचा जय ख्रिस्त.

आधी ताजी बातमी देतो, मग तब्येतीची चौकशी करतो. पेपरात काढलेल्या एकेचाळीस वर्षांची ही सवय आता सुटायची नाही. आपल्या बावखलात काल सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी एक कासव दिसलं. एलिसाने (वय आठ) ते पाहिलं, ऑस्टिनने (वय नऊ) दुजोरा दिला, आणि अर्नाळ्याहून स्कूटरवर मासळी घेऊन येणाऱ्या धर्मानेही गाडी स्टँडला लावून, काठावर उकिडवं बसून स्वतःची खात्री करून घेतली. आणखी एक कासव आहे असं ऑस्टिनचं म्हणणं आहे. पण ते त्याच्या एकट्यालाच दिसल्यामुळे अधिकृत आकडा सध्या एक असा धरावा. (सूनबाई तुला हे पत्र वाचून दाखवत असेल तर तिच्यासाठी: बावखल म्हणजे आपल्या वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. त्याच्यावर आपली केळी आणि नारळ तीन पिढ्या पोसले, आणि आपण दोघं त्यात पोहायला शिकलो. ती पुण्याची आहे, तिला पाणी टाकीत असतं एवढंच ठाऊक.)

तुझा गुडघा कसा आहे? मोतीबिंदूची पट्टी निघाली का? दोन वर्षं झाली तुला गावी येऊन, गुडघ्याची ढाल पुढे करून तू किती दिवस टाळणार आहेस ते तरी कळव. आम्ही दोघं ठीक आहोत. रोझलीनचं ब्लडप्रेशर औषधाने ताब्यात आहे आणि मी रोझलीनच्या. सोबत डबाभर सुकेळी पाठवतो आहे, यंदा राजेळी केळी चांगली उतरली. डब्याच्या तळाशी एक कागद ठेवला आहे, तो सुकेळी संपल्यावर बघितलास तरी चालेल. घाई काहीच नाही.

आता तू विचारशील की कासवं मोजायला आठ-नऊ वर्षांची पोरं आपल्या वाडीत आली कुठून. शेजारच्या कॉन्रॅडची धाकटी सून थेरेसा तुला आठवत असेल, तुझ्या शेवटच्या फेरीत तिने तुला मोबाइलवर मोठी अक्षरं करून दिली होती. ती शाळेत शिकवते आणि रविवारी सकाळी गावच्या कब-बुलबुलांचं पथक चालवते. म्हणजे स्काउट-गाइड व्हायच्या आधीची लहान मुलं, आठ मुलगे आणि नऊ मुली, सगळ्यांच्या गळ्यात स्कार्फ, बहुतेकांच्या नाकात काहीतरी. आधी हे पथक चर्चच्या हॉलमध्ये भरायचं. जानेवारीपासून हॉल लग्नांना गेला, तेव्हा थेरेसा आमच्याकडे आली आणि म्हणाली, "अंकल, चार रविवार तुमच्या बावखलाचा काठ वापरला तर चालेल का?" मी हो म्हणालो. आज सोळावा रविवार उलटला आहे.

तुला खरं सांगतो, पहिल्या दिवशी मी खुर्ची टाकून बसलो तो गंमत बघायला. बातमीदार म्हणून मी शिबिरं, मेळावे, संस्कारवर्ग इतके पाहिले आहेत की "उद्याचे नागरिक" हे शब्द कानावर पडले की माझा हात आपोआप चहाच्या कपाकडे जातो. पण थेरेसा असलं काही बोललीच नाही. तिची पद्धत अशी: दर महिन्याला एक विषय, आणि त्याच्या गाठीला बांधलेला एक गुण. जानेवारीत दोरी आणि चिकाटी, फेब्रुवारीत चूल आणि वाटून खाणं, मार्चमध्ये वाट आणि दुसऱ्याची काळजी, एप्रिलमध्ये पाणी आणि खरेपणा. विषय ती सांगते, गुण सांगत नाही. दोरीच्या महिन्यात तिने प्रत्येकाच्या हातात ओल्या काथ्याचा एक गुंता दिला आणि स्वतः आंब्याखाली चहा पीत बसली. पोरांनी ओढलं, दातांनी चावलं, दोघांनी एकमेकांना काथ्याने मारलं. तासाभराने ऑस्टिन घामाघूम होऊन आला आणि म्हणाला, "टीचर, हे ओढलं की जास्तच घट्ट होतं." थेरेसा म्हणाली, "हो ना?" बस्स, एवढंच. पोरगं परत गेलं आणि या वेळी गाठ सैल करत बसलं. चिकाटीवर मी अग्रलेख वाचले आहेत, एक-दोन लिहिलेही आहेत. त्यातला एकही त्या "हो ना?"च्या पासंगाला पुरणार नाही.

(दोरीचा विषय निघालाच आहे तर एक जुनं प्रकरण निकाली काढतो. चौसष्ट साली याच बावखलात तू माझ्या कंबरेला दोन सुके नारळ बांधून मला पोहायला सोडलं होतंस आणि मधोमध गेल्यावर नारळ एकीकडे व मी एकीकडे झालो होतो. आजवर तू सांगत आलास की गाठ उत्तम होती, मीच पोट आत घेतलं. मी ती गाठ आठवून एलिसाला बांधून दाखवली. तिने मान एका बाजूला कलती केली आणि म्हणाली, "अंकल, ही चुकलेली रीफ गाठ आहे. ओझं आलं की सुटते." एकसष्ट वर्षांनी निकाल लागला. अपील नाही.)

मार्चमधल्या वाटेच्या महिन्यात माझी थोडी तारांबळ उडाली. जखमी माणसाला उचलून न्यायचा सराव होता. पोरांनी दोन बांबू आणि रोझलीनच्या जुन्या लुगड्याची डोली केली आणि जखमी म्हणून माझी निवड झाली (एकमताने, मी धरून सगळ्यांची मतं मोजली). कुणीतरी विचारलं, "पेशंटला कुठे न्यायचं?" थेरेसा म्हणाली, "मदत मिळेल तिथे." तिला आमची ओटी अभिप्रेत होती. पोरांनी विचारविनिमय करून मला वाडीतून बाहेर काढलं आणि थेट आगाशी रस्त्यावरच्या बस स्टॉपपर्यंत नेलं, कारण मदत म्हणजे दवाखाना आणि दवाखाना म्हणजे बस. वाटेत दोन म्हाताऱ्यांनी क्रूस काढला. समोरून येणाऱ्या फादरांनी स्कूटर थांबवून हेल्मेट उतरवलं. मी लुगड्यातून हात वर करून "जय ख्रिस्त, फादर" म्हणालो, तेव्हा ते जे दचकले ते अजून मला मिस्साच्या वेळी जरा जपूनच कम्युनियन देतात.

त्याहून त्रास झाला तो सत्कृत्याच्या गाठीचा. या मुलांचा नियम असा की सकाळी स्कार्फच्या टोकाला एक गाठ मारायची आणि दिवसभरात कुणाचं तरी एक भलं काम केल्यावरच ती सोडायची. नियम सुंदर आहे. अडचण अशी की दिवस मावळतीला लागला की न सुटलेल्या गाठींची पोरं घाबरतात, आणि गावात भलं करून घ्यायला सर्वांत सोयीचा, सदा घरी सापडणारा, पांढऱ्या केसांचा माणूस म्हणजे मी. एका गुरुवारी पाव आणायला निघालो तर मला सहा वेळा रस्ता ओलांडवण्यात आला. त्यातल्या तीन वेळा परत. माझा चष्मा इतका पुसला गेला की नंबर कमी झाल्यासारखा वाटला. रोझलीनने मात्र या गर्दीचं सोनं केलं. तिने ओटीवर दोन रांगा लावल्या, हात धुवायला लावले, आणि यंदाची राजेळी सोलून पाटांवर वाळत घालायचं सगळं काम आठ दिवसांत उरकलं. म्हणजे तू आता जी सुकेळी खाणार आहेस त्यात कमीत कमी चाळीस सत्कृत्यं आहेत. पुढे थेरेसाला हे कळलं तेव्हा ती रागावली नाही. रविवारी तिने मला मुलांसमोर उभं केलं आणि विचारलं, "अंकल, तुम्हाला रस्ता ओलांडायचा होता का?" मी म्हणालो, नव्हता. तिने मुलांकडे नुसतं बघितलं. तेव्हापासून पोरं आधी विचारतात, "अंकल, काही हवंय का?" आणि नाही म्हटलं तर निघून जातात. हल्ली मीच हाका मारतो.

आता एप्रिल. पाणी आणि खरेपणा. महिन्याच्या पहिल्या रविवारी थेरेसा मला म्हणाली, "अंकल, या वेळी तुम्ही शिकवा. तुम्ही पेपरात होता, तुम्हाला खरं बोलता येत असेल." (तिने हे अगदी सरळपणे म्हटलं. रोझलीन स्वयंपाकघरात हसली ते मला ऐकू आलं.) मी मुलांना माझ्या धंद्यातले तीनच नियम शिकवले. एक, ऐकलेलं लिहायचं नाही, दोन माणसांनी दुजोरा दिला तर लिहायचं. दोन, ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला आधी विचारायचं. तीन, चुकलं तर दुरुस्ती छापायची, आणि तीही चूक जेवढ्या अक्षरात छापली तेवढ्याच अक्षरात. मग आम्ही आंब्याला जुना फळा टांगला आणि "बावखल वार्ता" सुरू झाली. दादा, मी चार संपादकांच्या हाताखाली काम केलं, पण इतके कडक बातमीदार कुठे पाहिले नाहीत. "फादर रविवारी नऊ मिनिटं उशिरा आले. दुजोरा: फादर." "रोझलीन आंटीच्या मांजरीला तीन पिल्लं झाली. दुजोरा: आंटी. मांजरीला विचारलं, ती बोलली नाही." एका बातमीवर ऑस्टिन आणि एलिसाचं भांडण झालं, कारण ऑस्टिनच्या मते बावखलात "खूप" मासे होते आणि एलिसाच्या मते "खूप" हा आकडा नाही. ती सलग तीन दिवस काठावर पालथी पडून मोजत होती. शंभरानंतर तिने "शंभरहून जास्त" लिहायला परवानगी दिली. त्यांनी खंड्या पाहिला, दोन जातींची बेडकं पाहिली, पाणसापाची कात सापडली ती कंपासपेटीत ठेवली. मी खुर्चीत बसून बघत होतो आणि मला बरं वाटत होतं. जरा अस्वस्थही वाटत होतं, पण ते उन्हाने असेल असं मी धरून चाललो होतो.

आता मुद्द्यावर येतो. बावखल बुजवायची ती जी तुझी कल्पना होती, तिच्याबद्दल. आमचा ब्रायन बोरिवलीहून गाडी घेऊन येतो, गाडी माडाला घासते, मच्छर होतात, आपल्यामागे हे कोण बघणार, हे सगळं आपण दिवाळीत फोनवर बोललो होतो. हितेश बिल्डर भला माणूस आहे. त्याने भराव टाकून खाली गाड्या, वर चार मजले असं चित्र काढून आणलं, दोघांचे फ्लॅट त्यात दाखवले, तुझ्या फ्लॅटला गुडघ्यासाठी लिफ्टही काढली. अर्जावर आपल्या दोघांच्या सह्या झाल्या. त्या अर्जात एक वाक्य आहे: "सदर खड्डा कित्येक वर्षे वापरात नसून त्यात कोणतीही जीवसृष्टी नाही." ते वाक्य मी लिहिलं. हितेश चहा पीत होता, त्याला त्याच दिवशी कागद कचेरीत द्यायचा होता, मी सात मिनिटांत लिहून दिलं. तो म्हणाला, "वा अंकल, आमच्या वकिलाला असं जमलं नसतं." मला चक्क बरं वाटलं. घड्याळ लावून लिहायचा आनंद फार दिवसांनी मिळाला होता.

गेल्या आठवड्यात त्या अर्जाची नोटीस, माझ्या वाक्यासकट, गावात लागली, कुणाची हरकत असेल तर येत्या सोमवारपर्यंत कळवा म्हणून. आणि थेरेसाने नेमका मुलांना अभ्यास दिला होता: गावातला एक फलक शोधा आणि त्यातली एक गोष्ट खरी आहे का ते तपासून या.

काल कासव निघालं ते असं. एलिसा आणि ऑस्टिन नोटीस वहीत उतरवून सकाळीच काठावर आले होते. मी दात घासत होतो. एलिसाने मला काही विचारलं नाही, आधी पाण्याकडे बघत बसली. मग पाण्यावर अंगठ्याएवढं डोकं आलं. ऑस्टिन ओरडला, धर्मा थांबला. धर्माने बराच वेळ बघून निकाल दिला, "कासवच हाय. काका, पानी जितं हाय तुमचं. मेलेल्या पान्यात ह्यो ऱ्हात नाय." आणि तो बोंबील विकायला निघून गेला. मग एलिसा वही घेऊन माझ्यासमोर आली.

"अंकल, नोटिशीतलं हे वाक्य कुणी लिहिलं?"

मी तोंडातला फेस थुंकून म्हणालो, मी.

"दुजोरा कुणाचा घेतला होता?"

दादा, मंत्र्यांना मी असे प्रश्न विचारले आहेत, आणि त्यांची उत्तरं मला पाठ आहेत. माहिती घेऊन सांगतो. संबंधितांशी बोललो आहे. संदर्भ तोडून वाचू नका. यातलं एकही मी वापरलं नाही. मी म्हणालो, कुणाचाच नाही. तिने तसंच लिहून घेतलं, "दुजोरा: कुणाचाच नाही", र्‍हस्व-दीर्घासकट बरोबर. मला वाटलं ती चिडेल, रडेल. तिने पेन्सिल कानामागे खोवली आणि शांतपणे विचारलं, "मग दुरुस्ती कधी छापणार?" ऑस्टिनला माझी दया आली असावी. तो म्हणाला, "अंकल, एवढ्याच अक्षरात छापायची आहे, जास्त मोठी नाही."

ही बातमी अजून फळ्यावर गेलेली नाही. पोरं कबूल झाली आहेत की दुसऱ्या मालकाला विचारल्याशिवाय ती लिहायची नाही, आणि दुसरा मालक तू. संध्याकाळी मी थेरेसाला म्हटलं, तुला आधीपासून नोटिशीचं ठाऊक होतं ना, म्हणून हा अभ्यास दिलास ना? ती म्हणाली, "अंकल, मी फलक वाचा म्हणाले, कुठला ते नाही." आणि पुढे म्हणाली, "पण वाचला ते बरं झालं, हो ना?" त्या काथ्याच्या गुंत्याची मला आठवण झाली. ओढलं की घट्ट होतं. तेव्हा आता सैल करायला बसलो आहे.

बाकी सर्व क्षेम. सूनबाईला आशीर्वाद, नातवांना पापा.

तुझा धाकटा भाऊ,
सेबेस्टियन

ता. क. वर मी डब्यातल्या कागदाची घाई नाही असं लिहिलं आहे. घाई आहे. सुकेळी आधी बाजूला काढ. तो अर्ज मागे घेण्याचा कागद आहे. माझी सही झाली आहे, खाली तुझ्या सहीला जागा सोडली आहे. हितेशशी मी बोललो. तो म्हणाला, एकाच मालकाने माघार घेतली तर वकील, तारखा, सगळं आलं. दोघांनी घेतली तर त्याचे डंपर मुकाट्याने दुसरीकडे जातील. सोमवारी हरकतींची मुदत संपते आणि भरावाचा पहिला डंपर मंगळवारी सकाळी ठरला आहे. गाडी ठेवायला माडांच्या पलीकडची पडीक पट्टी आहे, ब्रायनला तसं कळवलं. तो म्हणाला, "पप्पा, मी केव्हापासून तेच सांगत होतो." असेल. दुजोरा नाही.

ता. क. २. हे पत्र पाकिटात घालण्यापूर्वी मी एलिसाला तपासायला दिलं, कारण तिचं नाव यात आहे आणि नियम मीच केला आहे. तिने खालील दुरुस्त्या दिल्या. त्या तेवढ्याच अक्षरात देतो.

सेबेस्टियन अंकलना बस स्टॉपपर्यंत नेलं नव्हतं, वाडीच्या फाटकापर्यंतच नेलं. फार जड होते. दुजोरा: ऑस्टिन, फादर.

रस्ता सहा वेळा नाही, चार वेळा ओलांडला. दुजोरा: बेकरीवाले.

बावखल बुजवायची कल्पना फेबियन अंकलची नव्हती. ती सेबेस्टियन अंकलची होती. फेबियन अंकल फोनवर म्हणाले होते, "तुला काय वाटतं ते कर, पण मी तिथे पोहायला शिकलो रे." दुजोरा: रोझलीन आंटी, फोन स्पीकरवर होता.

ही शेवटची दुरुस्ती मला मान्य आहे. दिवाळीपासून मी ती तुझ्या नावावर खपवत होतो, इतकी की मलाच खरी वाटू लागली होती.

ता. क. ३. कागद पोस्टाने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. पोरांना तुला प्रत्यक्ष विचारायचं आहे, आणि तुझी ती गाठही त्यांना तुझ्याच हातून बघायची आहे. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता पथक काठावर जमेल. फळा पुसून तयार असेल, डोली आणि चार दणकट कब फाटकावर उभे राहतील, त्यामुळे गुडघ्याचं कारण चालणार नाही. त्या दिवशी तू येशील अशी अपेक्षा आहे, आणि दुसरं कासव वर येईल अशीही. दोन्ही बातम्यांना अद्याप दुजोरा मिळालेला नाही.